केंद्राच्या शिक्षण परिषदेत समावेशित शिक्षणाचे तास: नेमकं काय घ्यावं?

पांदणवाट
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका केंद्राचं, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाचं, वर्षाचं नियोजन करायचं आहे. शाळा १२, त्यातल्या बऱ्याच द्विशिक्षकी. तीन शाळांत कोलाम पोडांवरची (कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरची) पोरं येतात. काही मुलांकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे, पण ज्यांच्याकडे काहीच कागद नाही आणि तरी वर्गात मागं पडतात, अशी त्याहून जास्त.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळाली पाहिजे. ते तास मोबाईलवरचे कोर्स करून कागदावर पुरे होतात. मला बोलायचं आहे ते महिन्याच्या शिक्षण परिषदेबद्दल, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीबद्दल. जुलै ते मार्च अशा ९ परिषदा धरतो. परिपत्रकं आणि माहिती मागवण्यात अर्धा दिवस जातो हे गृहीत धरलं तरी प्रत्येकीत २ तास काढता येतील. म्हणजे १८ तास.

आजवरची पद्धत अशी: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले २१ प्रकार पडद्यावर दाखवायचे, वाचायचे, चहा. दुसऱ्या दिवशी वर्गात काय बदलायचं हे कोणालाच सांगता येत नाही. या १८ तासांत काय घ्यावं, कोणत्या क्रमानं, आणि कुठं फसतं? तत्त्वज्ञान नको, राजेहो. सोमवारी वर्गात करता येईल असं सांगा.

साधनव्यक्ती
सर, पहिली चूक टाळा: एका परिषदेला एक दिव्यांगत्व असं वाटप करू नका. ज्या शाळेत कर्णबधिर मूल नाही तिथला शिक्षक त्या दिवशी मनानं गैरहजर असतो. विषय कौशल्याचा ठेवा. ‘सूचना लहान तुकड्यांत देणं’ हे कौशल्य मतिमंद मुलाला लागतं, मराठी नवीन असलेल्या कोलाम मुलाला लागतं आणि पहिलीच्या सगळ्याच वर्गाला लागतं.

१२० मिनिटं अशी तोडा. पहिली ३० मिनिटं मागच्या महिन्यात वर्गात काय करून पाहिलं त्याच्या वह्या. मग ४० मिनिटं नवीन एकच गोष्ट, तीही करून दाखवायची. मग ३० मिनिटं जोडीनं सराव: एक शिक्षक मूल होतो, दुसरा शिकवतो. उरलेल्या २० मिनिटांत प्रत्येकानं कागदावर लिहायचं की कोणत्या एका मुलासोबत, कोणत्या तासाला, आठवड्यातून किती वेळा करणार. मुलाचं नाव नाही, फक्त इयत्ता आणि एक खूण. परिषदेत मुलांची नावं फिरली की आठ दिवसांत गावात फिरतात.

इथंच फसतं. शिक्षक पहिल्यांदा सगळ्यात अवघड मूल निवडतो, चार आठवड्यांत काही दिसत नाही आणि ‘हे आपल्याच्यानं होत नाही’ असं होऊन बसतं. पहिल्या फेरीला मधलं मूल निवडायला सांगा: थोडं येतं, थोडं अडतं असं.

नोंदीसाठी लांबलचक तक्ते देऊ नका. २० मिनिटांच्या तासात दर २ मिनिटांनी एक खूण: काम करतोय (क), वाट पाहतोय (व), दुसरंच काही (दु). दहा खुणा झाल्या की बस. महिन्याच्या सुरुवातीला दोनदा आणि शेवटी दोनदा. ‘व’ जास्त निघाले तर दोष मुलाचा नाही, शिक्षकाची पुढची सूचना उशिरा पोचतेय. बहुवर्ग शाळेत हे हमखास निघतं.

मोहफूल
पहिल्या परिषदेत डोळे घ्या. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकीचं होणारं काम तेच. ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून मागं बसवलेल्या पोरांत फळा न दिसणारी निघतात.

उलटसुलट ‘ई’चा तक्ता वापरा, म्हणजे अक्षरओळख लागत नाही, मूल बोटांनी दिशा दाखवतं. तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, उजेड तक्त्यावर पडेल असा. मुलाच्या तोंडावर खिडकी नको. अंतर ६ मीटर, दोरीनं मोजून, पावलांनी नाही. एका वेळी एक डोळा. दुसऱ्या डोळ्यावर तळहाताची वाटी करायची, दाबायचं नाही. दाबलेला डोळा उघडल्यावर काही वेळ धूसर दिसतं आणि निकाल खोटा येतो. बोटं ठेवली तर फटीतून बघतात, पोट्टे हुशार असतात. चष्मा असेल तर चष्मा लावून. ६/१२ ची ओळ (चांगल्या नजरेला १२ मीटरवरून दिसते ती, ६ मीटरवरून) एका जरी डोळ्यानं जमली नाही तर पुढं पाठवायचं. ‘नंबर किती’ हे ठरवणं आपलं काम नाही.

तुरीच्या_शेंगा
आमच्याकडचा तक्ता ए-फोर कागदावर झेरॉक्स केलेला आहे. चालतो का?

मोहफूल
भाऊ, बहुतेक चालत नाही. झेरॉक्समध्ये आकार घटतो आणि चांगली नजर असलेलं मूलही नापास होतं. पट्टी घेऊन मोजा. ६ मीटरच्या तक्त्यात ६/६० चं सगळ्यात मोठं अक्षर साधारण ८७ मिलिमीटर उंच हवं आणि ६/१२ चं साडेसतरा. खोली लहान असेल तर ३ मीटरचा तक्ता चालतो, पण तिथं अक्षरं बरोबर निम्मी: ४४ आणि पावणेनऊ. ६ मीटरचा तक्ता ३ मीटरवर लावला तर परीक्षा निम्मी सोपी होते.

पाठवायचं कुठं हेही त्याच परिषदेत लिहून द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या तारखेच्या आधी तुमची यादी तयार असली तर पथक आधी ती मुलं बघतं. नाहीतर दीडशे पोरं तासाभरात ‘नॉर्मल’ होऊन जातात.

आणि चष्मा लागणं म्हणजे अल्पदृष्टी नाही. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ च्या खाली राहते तेव्हा अल्पदृष्टीचा विचार होतो. अशा मुलाला वहीत ठळक काळ्या रेघा, १८ ते २४ पॉइंटचा टाइप, फळ्यापासून दीड-दोन मीटरवर जागा आणि लिहिताना मोठ्यानं बोलणारा शिक्षक लागतो. ‘हे असं करा’ असं फळ्याकडे बोट दाखवून म्हटलं की ते मूल तासाबाहेर गेलं.

जोहार
सेवा जोहार. कोलाम पोडांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मराठी न येणं आणि शिकता न येणं या दोन गोष्टींची गल्लत ही आपल्या भागातली सगळ्यात मोठी चूक आहे. प्रशिक्षणात यासाठी दोन पूर्ण परिषदा द्या, एकीत मावत नाही.

शिक्षकाला त्या भाषेबद्दल निदान चार गोष्टी माहीत हव्यात. कोलामी आणि गोंडी या द्राविडी भाषा, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. मराठीशी तिघींचंही नातं नाही. गोंडी-कोलामीत व्याकरणाचे गट दोन: पुरुष एकीकडे, बाई, गाय, झाड, दगड दुसरीकडे. कोरकूत भेद सजीव-निर्जीव असा. मराठीची तीन लिंगं या पोरांना घरी कुठंच भेटत नाहीत. मग दुसरीतलं पोर ‘बाई आला’, ‘पुस्तक फाटली’ म्हणतं. तो बुद्धीचा दोष नाही. कोलामीच्या मूळ शब्दांत ख, घ, थ, ध असे महाप्राण नाहीत, त्यामुळे श्रुतलेखनात ‘घर’चं ‘गर’ होतं. कान आपल्या भाषेचं ऐकतो.

आता तपासायचं कसं? तीच दोन पायऱ्यांची सूचना आधी मराठीत द्या: ‘दगड उचल आणि दाराजवळ ठेव’. जमलं नाही तर वरच्या वर्गातल्या पोराकडून किंवा अंगणवाडीच्या ताईकडून घरच्या भाषेत द्या, हातवारे न करता. घरच्या भाषेत पटकन झालं तर प्रश्न मराठीचा आहे, मुलाला कुठंही पाठवू नका. घरच्या भाषेतही बरोबरीच्या पोरांसारखं होत नसेल, आणि तीन-चार वेगवेगळ्या दिवशी होत नसेल, तर साधनव्यक्तींना (विशेष गरजांच्या मुलांसाठीच्या मार्गदर्शकांना) कळवा. कान तपासल्याशिवाय मात्र नको.

दुसरं काम शब्दसंग्रहाचं. ६० शब्द पुरे: शरीर, नाती, जेवण, बस-उठ-आण-दाखव अशा सूचना, कमी-जास्त, आत-बाहेर. छापील शब्दकोश आणून वाटू नका. भामरागडची माडिया आणि धानोऱ्याची गोंडी यांत फरक पडतो, आणि परक्या बोलीचा शब्द ऐकून पोरं हसतात. पोडावरच्या दोन बायांना बसवून देवनागरीत लिहून घ्या, उच्चार मोबाईलवर रेकॉर्ड करा. पहिलीला पहिले सहा-आठ आठवडे तोंडी काम: चित्रावर बोलणं, गणिताची गोष्ट घरच्या भाषेत, उत्तर कोणत्याही भाषेत. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवण्याची बाब आहेच, कोणी विचारलं तर ते दाखवा.

उंटावरचा_मास्तर
जोहार भाऊंनी कोलामी-गोंडीचं सांगितलं. पण वऱ्हाडी आणि झाडीबोलीच्या पोरांचंही तेच होतं आणि ते कोणी धरत नाही, कारण ती ‘मराठीच’ समजली जाते. ‘डोळा’ वाचताना पोर ‘डोया’ म्हणतं, ‘शाळा’ची ‘शाया’ होते, ‘पाणी’चं ‘पानी’. वाचनस्तर काढताना याला चूक धरली की चांगलं वाचणारं पोर शब्दस्तरावर अडकवलं जातं. परीक्षा सोपी आहे: ‘डोया’ म्हणाल्यावर चित्रात डोळ्यावर बोट ठेवलं तर वाचन झालं.

खरी वाचन-अडचण वेगळी दिसते. देवनागरीत तिची ठिकाणं ठरलेली आहेत:

घ-ध, भ-म, थ-य, ब-व यांची अदलाबदल, तीही इयत्ता तिसरीपर्यंत टिकलेली. पहिलीत ती सगळ्यांचीच होते.

ऱ्हस्व वेलांटी. ‘कि’ लिहिताना खूण आधी येते आणि आवाज नंतर. मूल वेलांटी मागच्या अक्षराला लावतं.

रफार. ‘सूर्य’मध्ये र ऐकू येतो य च्या आधी, बसतो य च्या डोक्यावर. ‘प्रकाश’मध्ये तोच र पायात. एकाच आवाजाची इतकी रूपं, म्हणून जोडाक्षरांत आधी र घेऊच नका. आधी उभ्या दांडीची अक्षरं (म्ह, न्य, स्त), मग क-फ, मग बिनदांडीची (ट्ट, द्द), र सगळ्यात शेवटी.

कृती: पुठ्ठ्याचे अक्षरपत्ते आणि मात्रांचे पत्ते वेगळे. रोज ५ शब्द, ८-१० मिनिटं. शब्द ऐकव, टाळ्यांनी तोड, पत्ते लाव, बोट फिरवत म्हण, मग लिही. आठवड्याचे २५ शब्द झाले की शनिवारी त्यातले १० आणि त्याच घाटणीचे ५ नवीन. नवीन ५ पैकी ३ जमले तर पुढं जा. फक्त जुने १० जमतात आणि नवीन एकही नाही, याचा अर्थ पाठांतर झालंय, वाचन नाही. हे प्रत्येक शिक्षकानं परिषदेत जोडीनं करून बघावं, नाहीतर वर्गात पत्ते खेळत बसतात.

गणितातही एक जागा आहे. ‘पंचवीस’ ऐकताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. पोर ५२ लिहितं. ‘एकोणतीस’ तर तीसचं नाव घेऊन वीसच्या घरात बसतो. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ ही जोडपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! ज्याची गाडी इथं अडते त्या पोराला मात्र ती पद्धत मदतच करते. तुराट्यांच्या काड्या घ्या, दहाचा गठ्ठा रबरानं बांधा, ‘दोन गठ्ठे पाच सुट्या, वीस पाच, पंचवीस’ असं तिन्ही एकामागून एक म्हणवा. पऱ्हाटी (कपाशीची काडी) नको, बोटाला टोचते.

मोहफूल
मास्तर, मुद्दा पटला, पण एक धोका. हे वाचून प्रत्येक वर्गात पाच ‘डिस्लेक्सिया’ निघतील. केंद्र सरकारच्या मूल्यांकन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिक्षकानं अध्ययन अक्षमतेची प्राथमिक चाळणी करायची ती तिसरीत किंवा वयाच्या ८ व्या वर्षी, जे आधी असेल तेव्हा. निदान तज्ज्ञांचं. पहिली-दुसरीच्या पालकांना ‘तुमच्या पोराला हे आहे’ असं शिक्षकानं सांगायचं नाही.

उंटावरचा_मास्तर
मान्य. ‘काय अडतं’ एवढंच सांगावं, नाव देऊ नये. पण नाव देऊ नये म्हणून मदतही तिसरीपर्यंत थांबवतात, त्याला माझा विरोध आहे. पत्ते पहिलीपासून लावता येतात, त्याला प्रमाणपत्र लागत नाही.

वैनगंगाकाठ
यादीत सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) दिसला नाही. २१ प्रकारांत तो आहे आणि पूर्व विदर्भात तर शाळाशाळांत आहे. यात शिकवण्याचं तंत्र कमी आणि वर्गाचे नियम जास्त, म्हणून अर्धा तास पुरतो.

आधी एसएस आणि एएस यांतला फरक नीट सांगा. एसएस म्हणजे आजार असलेला. एएस म्हणजे वाहक, त्याला सहसा त्रास नसतो, त्याला खेळातून काढू नका. एसएस मुलासाठी पाण्याची बाटली बाकावर, विचारल्याशिवाय पिण्याची मुभा. या मुलांचं मूत्रपिंड पाणी धरून ठेवत नाही, लघवीला वारंवार जावं लागतं. ‘सारखा बाहेर जातो’ म्हणून अडवू नका. उन्हात परिपाठाला उभं करणं, थंडीत गार पाणी, दमेपर्यंत पळवणं, हे तिन्ही कळा सुरू करू शकतात. कळ आली तर झोपवा, पाणी द्या, दुखतं तिथं ऊब चालते, बर्फ नाही. गोळी शिक्षकानं मनानं द्यायची नाही. ताप १०१ च्या वर, छातीत दुखणं किंवा दम, डावीकडे पोट फुगणं, तोंड वाकडं होणं किंवा एक हात लुळा पडणं: यांत पालकांची वाट पाहत बसू नका, १०८ बोलवा आणि पालकांना तिकडंच यायला सांगा.

अभ्यासाचं म्हणाल तर दरमहा चार-पाच दिवस बुडतात. त्या मुलासाठी प्रत्येक विषयाचं आठवड्याचं एक पान आधीच बाजूला ठेवा. परत आल्यावर महिन्याची वही उतरवायला लावली की ते मूल शाळेलाच कंटाळतं.

साधनव्यक्ती
वैनगंगाकाठ, हे घेतोच. मी श्रवणयंत्राचं जोडतो, कारण यंत्र मिळतं आणि दप्तरात पडून राहतं. परिषदेत एक खरं यंत्र हातात द्या. सेल झिंक-एअरचा असतो: कानामागच्या यंत्राला बहुधा १३ नंबरचा (नारिंगी पट्टी) किंवा ६७५ (निळी). पट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायचा. पट्टी एकदा काढली की यंत्र बंद असलं तरी सेल उतरत जातो, म्हणून ‘उघडून ठेवलेला नवा सेल’ असं काही नसतं. रात्री सेलचं दार उघडं. पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या.

यंत्र शिट्टी मारतं याची कारणं क्रमानं पाहा: साचा (यंत्राचा कानात बसणारा भाग) नीट बसला नाही, कानात मळ, आवाज जास्त, आणि मूल वाढलं म्हणून साचा सैल झाला. शेवटचं कोणी बघत नाही. लहान मुलांचे साचे वर्षभरातही बदलावे लागतात. कान वाहत असेल तर यंत्र लावू नका, तेल घालू नका, आरोग्य केंद्रात पाठवा.

टिनाच्या छपरावर पाऊस सुरू झाला की यंत्र पावसाचाच आवाज वाढवतं. तेव्हा तोंडी शिकवणं थांबवा, लेखी काम द्या. एरवी मुलापासून मीटर-दीड मीटरवर, उजेड तुमच्या चेहऱ्यावर, आणि फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही.

तुरीच्या_शेंगा
मतिमंद मुलांसाठी काय? आमच्या शाळेतले सर म्हणतात, त्याला नुसतं बसू द्या, प्रेम द्या.

साधनव्यक्ती
प्रेम द्याच, ताट पण धुवू द्या. शालेय पोषण आहाराचं ताट धुणं घ्या आणि तुकडे पाडा: ताट उचलणं, उरलेलं डब्यात टाकणं, नळापाशी जाणं, पाणी सोडणं, घासणं, विसळणं, रचून ठेवणं. सात. शिकवायचं शेवटून. पहिली सहा तुम्ही त्याच्या हाताला धरून करवा, सातवी त्याची. रोज ‘पूर्ण झालं’ हा अनुभव त्याला मिळतो; सुरुवातीपासून शिकवलं तर दुसऱ्या पायरीवरच रडारड. नोंद एका अक्षराची: हात धरून (ह), खुणेनं (ख), बोलून (ब), स्वतः (स्व). सलग तीन दिवस ‘स्व’ आलं की सहावीही त्याची. बोलून मदत करण्याची सवय शिक्षकाला सुटत नाही, ‘घे, घे, अरे घे ना’, आणि मूल त्या आवाजाची वाट पाहायला शिकतं. एकदा सांगा आणि मनात पाच आकडे मोजा.

जोहार
दिवाळीनंतरचं विसरू नका. कापूस वेचणीला आणि वीटभट्टीवर घरंच्या घरं जातात. महिनाभर केलेलं सगळं तिथं तुटतं. शिक्षण हमी कार्ड द्याच, पण त्यावर फक्त इयत्ता-वय असेल तर पुढच्या शिक्षकाला शून्यापासून सुरुवात. सोबत एक पान: वाचन-गणित कुठवर, घरी कोणती भाषा, कोणतं साहित्य लागतं, काय केलं की जमतं. पाच ओळी. फोटो पालकांच्या मोबाईलमध्ये टाकून द्या, कागद भट्टीवर टिकत नाही.

पांदणवाट
हाव, आता हाती काही लागलं. क्रम असा लावतो, चुकत असेल तर सांगा. जुलै: डोळे तपासणी, कारण पथकाच्या भेटीआधी यादी हवी, सोबत क-व-दु नोंद. ऑगस्ट-सप्टेंबर: घरची भाषा, ६० शब्द. ऑक्टोबर: कान आणि यंत्र, उरलेल्या अर्ध्या तासात स्थलांतराचं पान, म्हणजे दिवाळीआधी हातात पडेल. नोव्हेंबर-डिसेंबर: अक्षरपत्ते. जानेवारी: काड्या-गठ्ठे. फेब्रुवारी: ताटाचं काम. मार्च: सिकलसेल, आणि वर्षभराच्या वह्या.

द्विशिक्षकी शाळांचं काय करू? दोघंही परिषदेला आले तर शाळा उघडी कोणाच्या भरवशावर?

वैनगंगाकाठ
सिकलसेल मार्चला नका ठेवू, सर. थंडीत कळा वाढतात. नोव्हेंबरच्या आत घ्या. अर्ध्या तासाचं तर आहे, जुलैतही बसेल.

साधनव्यक्ती
द्विशिक्षकीतून आळीपाळीनं एकच बोलवा. जो आला त्यानं दुसऱ्याला त्याच आठवड्यात ३० मिनिटं करून दाखवायचं, आणि पुढच्या परिषदेला वही घेऊन दुसऱ्यानं यायचं. वही रिकामी असली की लगेच कळतं दाखवलं की नाही. ऑगस्टला कोलामी शब्दांसाठी पोडावरच्या बाया बोलवणार असाल तर डवरणी-निंदणीचे दिवस आहेत, बाईची दिवसाची मजुरी बुडते. सादिलमधून (शाळेच्या किरकोळ खर्चाच्या अनुदानातून) काही होतं का ते आधी बघा, किंवा संध्याकाळी तुम्हीच पोडावर जा.

पांदणवाट
संध्याकाळीच जातो. सिकलसेल जुलैत घेतला. ‘ई’चा तक्ता आज मोजला: मोठं अक्षर ६१ मिलिमीटर भरलं.